नववी अ आणि उमजदिवे

"समजलं का?" असं मी विचारायचं आणि वर्गानं "होऽऽऽ" म्हणायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना करार. त्या "हो"मध्ये काही दम नसतो हे मला ठाऊक, पोरांना ठाऊक, भिंतीवरच्या पालीलासुद्धा ठाऊक. पण घंटा होते, तास संपतो आणि सगळे सुखानं घरी जातात. पंचवीस वर्षं मी हा करार इमानेइतबारे पाळला.

मग २०४१च्या जूनमध्ये आमच्या शाळेत उमजदिवे आले आणि सगळा सत्यानाश झाला.

मी धनश्री मगदूम. श्री बाळसिद्ध विद्यालयात विज्ञान शिकवते. मिरजेच्या पूर्वेला जिकडं बघावं तिकडं बेदाण्याच्या शेड आहेत, त्या पट्ट्यातलं आमचं गाव. आमच्या संस्थेचे अध्यक्ष भूपालआण्णा खोत बेदाण्याचे मोठे व्यापारी. त्यांना पुण्याच्या एका कंपनीनं गाठलं आणि पटवून दिलं, की पोरांना कळतंय की नाही हे आता परीक्षेची वाट न बघता जागच्या जागी दिसणार. आण्णांना जागच्या जागी दिसणाऱ्या गोष्टी फार आवडतात. त्यांनी लगेच होकार दिला.

प्रत्येक पोराच्या कपाळावर एक पट्टी आणि बाकावर एक छोटा दिवा. समजलं की हिरवा, नाही समजलं की लाल. पोरांनी पहिल्याच दिवशी पट्टीचं नाव मुंडावळ्या ठेवलं. मी वर्गात शिरले तर अख्खी नववी अ बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी नटून बसलेली. मी घनता शिकवली, दोन उदाहरणं दिली आणि सवयीनं विचारलं, "समजलं का?"

"होऽऽऽ!" कौलं हादरली. आणि वर्गातले झाडून सगळे दिवे लाल.

मी दिव्यांकडं बघितलं, पोरांनी दिव्यांकडं बघितलं. मग सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, सिग्नल पडलाय, पुढं नका जाऊ." मलाही हसू आवरेना.

हसू त्या महिन्याच्या अखेरीस मावळलं. कंपनी दर महिन्याला प्रत्येक शिक्षकाची "हिरवाई" काढायची. तासाभरात वर्गातले दिवे किती वेळ हिरवे होते, त्याची टक्केवारी. माझी हिरवाई शाळेत सर्वांत कमी, म्हणजे चित्रकलेच्या तासाला झोपणाऱ्या सहावीपेक्षाही कमी. इतिहासाच्या तांबोळी सरांची सगळ्यात जास्त. त्यांचा आवाज असा गोड, की तहाची कलमंसुद्धा अंगाईसारखी वाटतात. त्यांचा वर्ग सदैव हिरवागार.

एक दिवस डबा खाताना तेच मला म्हणाले, "मगदूम मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. काल तासभर एकही दिवा लाल झाला नाही. आज विचारलं, तह कुणाकुणात झाला? तर पोरगं म्हणतं, ते नाही आठवत सर, पण तुम्ही सांगितलं लई भारी."

"मग दिवा हिरवा कसा?"

"तेच तर! मी इतिहासाचा माणूस. तुमचं विज्ञान काय म्हणतं बघा की."

मी बघितलं. कंपनीची माहितीपत्रकं वाचली, मेंदूवरचे लेख वाचले आणि मला गोम सापडली. सोपी आहे, सांगते.

आपला मेंदू म्हणजे वरून माहिती ओतायची घागर नव्हे. तो सतत अंदाज बांधत असतो. पुढची पायरी कुठं असेल, चहा किती गरम असेल, समोरचा आता काय बोलेल. अंदाज बरोबर आला की मेंदूतल्या लहरी संथ राहतात. चुकला की उसळी येते. जिना संपलाय हे न कळता आपण आणखी एक पायरी उतरायला जातो आणि पोटात गोळा येतो ना, तसली उसळी, फक्त फार बारीक. कपाळावरची पट्टी ती टिपते. लहरी संथ असल्या की हिरवा, उसळी आली की लाल. इथवर यंत्र अगदी चोख.

घोळ पुढं आहे. कंपनीनं ठरवून टाकलं, की संथ म्हणजे समजलं. पण मेंदू आणखी एका कारणानं संथ असतो. त्याला काही कामच नसतं तेव्हा! ऐकायला गोड, ओळखीचं, गुळगुळीत काही कानावर पडत असलं, की तो अंदाज बांधायचंही सोडून देतो. आपल्याला सगळं कळतंय असं तेव्हा मनापासून वाटतं. आणि खरं शिकणं होतं ते नेमकं उसळीच्या वेळी. अंदाज चुकतो म्हणून तर मेंदू आपली जुनी समजूत मोडून नवी मांडायला घेतो. म्हणजे तो लाल दिवा शिकण्याचा होता, आणि आम्ही तो विझवायच्या मागं लागलो होतो.

खात्री करायला मी एक दिवस गाईडमधलं प्लवन, म्हणजे वस्तू पाण्यावर का तरंगतात तो भाग, तांबोळी सरांच्या सुरात वाचून दाखवला. वर्ग हिरवा. दुसऱ्या दिवशी विचारलं, "लाकूड का तरंगतं?"

"हलकं असतं म्हणून!" एका सुरात.

"आणि सुई का बुडते? ती ओंडक्यापेक्षा जड आहे होय?"

दिवे पटापट लाल. फक्त ओवी सुतारचा दिवा आधीपासूनच लाल होता. ओवी म्हणजे नववी अ मधली माझी सगळ्यात लाल पोरगी. तिचा दिवा शाळा सुरू झाल्यापासून हिरवा झालाच नव्हता, कारण तिला कुठलीच गोष्ट पुरती पटत नाही. सदा लाल दिवा, म्हणून पोरं तिला कलेक्टर म्हणायची. बिचारीला वाटायचं, आपण ढ आहोत. तिच्या आईला शाळेतून संदेश गेला होता, "आपल्या पाल्याची उमज चिंताजनक." वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीच्या घरी! मला इतका संताप आला, की मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

मुख्याध्यापक उगारे सर स्वभावानं भला माणूस, फक्त घाबरट. माझं सगळं ऐकून घेतलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण कंपनीच्या करारात लिहिलंय, साठ टक्क्यांच्या खाली हिरवाई गेली तर तो वर्ग पडद्यावरच्या पाठाकडं. गुरुवारी आण्णा आणि कंपनीचा माणूस तुमचा पाठ बघायला येणार. त्या दिवशी साठ झाले नाहीत, तर नववीचं विज्ञान पडदा शिकवणार आणि तुमच्याकडं पोषण आहार."

"म्हणजे मी खिचडी मोजू?"

"तांदूळ चांगला येतो हल्ली," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पाठ आधी बसवून घ्या. तोच पाठ, तेच प्रश्न, तीच उत्तरं. आमच्या लहानपणी इन्स्पेक्टर यायचे तेव्हा गुरुजी सांगायचे, येत असेल त्यानं उजवा हात वर करा, येत नसेल त्यानं डावा. सगळ्यांचे हात वर! ह्या मेल्या दिव्याला डावं-उजवं नाही, म्हणून बसवून घ्यायचं."

खरं सांगते, मी कबूल झाले. नववी म्हणजे माझा जीव. आठवीपर्यंत पोरं ऐकतात, दहावीत घाबरलेली असतात. वाद घालतात ती फक्त नववीत. तो वर्ग हातातून गेला असता तर मी शाळेत राहून काय केलं असतं? बुधवारपर्यंत प्लवनाचा पाठ मी असा घोटून घेतला, की माझाच मला वीट आला.

गुरुवारी आण्णा आले. पांढरी टोपी, पिळदार मिशा, हातात बेदाण्याची पुडी. सोबत कंपनीचा ईशान नावाचा तरतरीत माणूस. शाल, श्रीफळ झालं आणि ईशाननं मोठ्या अदबीनं आण्णांच्या कपाळालाही पट्टी बांधली. "पाहुण्यांनीही अनुभव घ्यावा." टोपीखाली मुंडावळ्या बांधून आण्णा पहिल्या बाकाशेजारच्या खुर्चीत बसले. त्यांच्यापुढच्या टेबलावर त्यांचा दिवा लागला. हिरवा.

मी पाठ सुरू केला. पहिल्या वाक्यालाच अख्खा वर्ग हिरवा. दुसऱ्याला हिरवा. ईशान हातातल्या पाटीवरचे हिरवाईचे आकडे बघून खूश, उगारे सरांच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदा रक्त दिसलं. पण माझी नजर ओवीच्या दिव्यावर गेली आणि मी चपापले. तोही हिरवा! ओवीचा! ही पोरगी "वस्तू पाण्यात बुडते" एवढ्या वाक्यालासुद्धा तीन शंका काढते.

कुठंतरी पाणी मुरत होतं. मी आवाज न बदलता म्हणाले, "आणि म्हणून, मुलांनो, जहाज बुडत नाही, कारण कप्तानाला पोहता येतं."

सगळे हिरवे. उगारे सरांनी मान डोलावली. आण्णांनीही डोलावली.

"तसंच समुद्राचं पाणी गोड असल्यामुळं मासे गुटगुटीत होतात. समजलं का?"

"होऽऽऽ!" हिरवं रान नुसतं. ईशाननं अंगठा वर केला.

मी बोलत बोलत ओवीच्या बाकाशी गेले. तिचे ओठ हलत होते. कान लावला तर, "बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा..."

"ओवे, काय चाललंय हे?" मी दबक्या आवाजात विचारलं.

तिनं डोळे न वळवता उत्तर दिलं, "मॅडम, मध्ये बोलू नका ना. तुमच्यासाठीच चाललंय. बेचा पाढा म्हटला की दिवा हिरवा राहतो. सगळ्यांना शिकवलाय. तुम्हाला खिचडीवर नाही जाऊ द्यायचं आम्हाला. बे सक बारा..."

एवढी माया! आणि बुद्धी तरी केवढी! मी लेख वाचून जे शोधलं ते ह्या पोरीनं बाकावर बसून शोधलं होतं. पाढा इतका पाठ, की मेंदूला त्यात करायला काही उरत नाही. यंत्र फसलं. आणखी अर्धा तास मी बोलत राहिले असते की नववी माझी.

माझी कसली? माझ्यासमोर अख्खा वर्ग बसला होता आणि एकही पोर तिथं नव्हतं. मला रडू यायच्या बेतात होतं आणि रागही असा चढला, की कानशिलं तापली. पोरांवर नाही, त्या हिरव्या रंगावर. अशीच नववी ठेवून घ्यायची असेल, तर त्यापेक्षा तांदूळ निवडलेला काय वाईट?

मी फळ्यावरचा तक्ता काढून गुंडाळला. प्रयोगशाळेतला दोन पारड्यांचा तराजू आणून टेबलावर ठेवला. दोन्ही पारड्यांत पाण्याचा एकेक पेला. थेंब थेंब पाणी घालून काटा बरोब्बर मध्ये आणला. उगारे सर खुणा करून "पाठात हे नव्हतं, पाठात हे नव्हतं" सांगत होते. मी तिकडं पाठ फिरवली.

"मी उजव्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवणार. पेल्याला लावणार नाही, तळाला टेकवणार नाही. नुसतं पाण्यात अधांतरी. काटा हलेल का?"

पाढा अडखळला. मला ऐकू आलं ते. एका बाकावर "बे साते" म्हणून कुणीतरी थांबलं आणि दिवा लाल झाला.

"नाही हलणार!" पहिल्या रांगेतला रेयांश ओरडला. "बोट तुमच्या हाताला चिकटलंय, मॅडम. त्याचं वजन हात पेलतोय."

"हलेल की! पाणी वर चढेल ना!"

"पाणी तेवढंच आहे, येड्या. चढलं म्हणून वाढलं होय?"

लाल, लाल, लाल. ईशान पाटी झटकून बघायला लागला. ओवी कळवळून सगळ्यांना "पाढा, पाढा!" म्हणत होती, पण तिचाच दिवा केव्हाचा लाल झाला होता.

"थांबा रे!" आण्णांनी हात वर केला. "तराजूवर नजर ठेवण्यात माझा जन्म गेला. मला सांगता व्हय? बोट कुठं टेकलं नाही तर काटा केसभर हलणार न्हाई. बाई, बुडवा. पोरांना दिसू द्या."

त्यांचा दिवा हिरवागार होता. चेहऱ्यावर शंकेची सुरकुती नव्हती. मी बोट बुडवलं.

उजवं पारडं सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

एवढा आरडाओरडा आमच्या शाळेत वार्षिक क्रीडास्पर्धेतसुद्धा होत नाही. पोरं बाकांवर चढली. वर्गातले सगळे दिवे लाल, आणि टेबलावरचा आण्णांचा दिवा सगळ्यांत लालभडक.

"तुम्ही टेकवलं बोट," आण्णा म्हणाले.

"तुम्ही बुडवा."

आण्णा उठले. बेदाण्याची पुडी रेयांशच्या हातात दिली, बाही वर सारली आणि इन्कमटॅक्सवाल्यासमोर बसावं तसं गंभीर तोंड करून बोट पाण्यात घातलं. पारडं खाली. काढलं, वर. परत घातलं, खाली.

"अरे तिच्या!" आण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "म्हंजे, हे कसं काय?"

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "वर्गाला विचारा."

मग जे झालं त्यासाठी मी शिक्षिका झाले होते. कुणी म्हणालं हवेचा दाब, कुणी म्हणालं बोटाची ऊब. प्रत्येकाला दुसऱ्यानं खोडून काढलं. आण्णा तर सगळ्यांनाच खोडत होते. तेवढ्यात ओवी बाकावरून उतरून पुढं आली.

"आण्णा, तुम्ही विहिरीत पोहता?"

"पोहायचो की. गावात माझ्यासारखा सूर कुणाला मारता यायचा न्हाई."

"मग तुम्हाला वर कोण उचलतं?"

"पाणी."

"म्हणजे पाणी बोटालाही वर ढकलतंय. बरोबर? आता तुम्ही मला ढकललं तर तुम्हालाही मागं रेटा बसतो की नाही? मग पाणी बोटाला वर ढकलत असेल, तर..." ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "तर बोट पाण्याला खाली ढकलतंय! ते खाली ढकललेलं पारड्यावर येतंय!"

आणि तिच्या रिकाम्या बाकावरचा दिवा हिरवा झाला. पाढा न म्हणता. तिनं मागं वळून बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला काही दिसेनासं झालं, डोळे पुसावे लागले. हळूहळू आणखी दोन-चार दिवे हिरवे झाले, बाकीची पोरं अजून भांडतच होती.

ईशाननं घसा खाकरला. "सर, शेवटच्या अर्ध्या तासाची हिरवाई फक्त सहा टक्के आहे. सुरुवात छान होती, पण नंतर पाठ पूर्ण कोसळला. तासाचे साठ भरले नाहीत, त्यामुळं करारानुसार हा वर्ग..."

"पडद्याकडं," उगारे सरांनी खालमानेनं वाक्य पुरं केलं.

ओवी माझ्या पदराआड येऊन उभी राहिली. मीही मनाची तयारी केली. तर तर, तांदूळ चांगला येतो हल्ली.

आण्णांचं बोट अजून पेल्यातच होतं. ते काट्याकडं बघत होते. "कुणाचं काय कोसळलं?"

"म्हणजे, मुलांना समजत नाहीये, सर. दिवे बघा ना."

"माझा बघ," आण्णा म्हणाले. "माझा लाल आहे का न्हाई?"

"हो, सर."

"म्हंजे मला अजून समजलं न्हाई. त्या पोरीला समजलं, मला न्हाई. पाणी बोटाला वर ढकलतं म्हणतीस, मग मला जाणवत का न्हाई? आं? ते ऱ्हाऊ दे." त्यांनी बोट बाहेर काढून धोतराला पुसलं आणि ईशानकडं वळले. "करारात अध्यक्षाचं काय लिहिलंय? मी आज ह्या वर्गात बसलो, पट्टी बांधून बसलो, म्हंजे मी ह्या वर्गातला. आणि माझा दिवा हिरवा झाल्याबगर ह्या बाईंना इथनं कुणी हलवायचं न्हाई. उगारे, लिहून घ्या."

उगारे सरांनी खरोखर लिहून घेतलं. संस्थेच्या शिक्क्यासकट. पोरांनी जो गोंगाट केला तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

तेव्हापासून दर गुरुवारी आण्णा दुकान मुलावर सोडून माझ्या तासाला येतात. पट्टी बांधतात, पोरांशी हमरीतुमरीवर येतात, ओवीकडून हरतात आणि सगळ्यांना बेदाणे वाटतात. हुशार माणूस आहे हो. बोटाचं कोडं त्यांनी दुसऱ्याच गुरुवारी सोडवत आणलं. दिवा लाल सोडून पिवळट व्हायला लागला, आता हिरवा होणार, उगारे सर दाराशी श्वास रोखून उभे.

मी घाईघाईनं पाण्याच्या पेल्यात बर्फाचा खडा टाकला, पेला काठोकाठ भरला आणि विचारलं, "आण्णा, हा बर्फ पाण्याच्या वर डोकं काढून तरंगतोय. वितळला की पाणी सांडेल का?"

"सांडणारच!" आण्णा ठासून म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

आम्ही सगळे बर्फाकडं बघत बसलो. बर्फ वितळला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

दिवा लालभडक. माझी नोकरी पक्की.